अकरा मिनिटं

ग्रेगर रॅटरेचे बूट मी दोन सीझन धुतले.
डावा बूट बाहेरच्या कडेला जास्त झिजलेला,
खुबा मोडल्यावर आमच्या आत्याची चप्पल झिजायची तसा.
गुडघा तीनदा उघडून शिवलेला.
आमचा फिजिओ म्हणायचा, हा गुडघा नाही, गोधडी आहे.

नेरूळला आला तेव्हा छत्तीसचा होता.
विमानतळावर हार घेऊन अठरा माणसं,
त्यातली सात आमच्याच ऑफिसातली.

क्लब किती झाले, मी एकदा विचारलं.
त्यानं बोटं मोजली. नऊ. मग थांबून म्हणाला, दहा.
एका क्लबनं घेतलं आणि खेळवलंच नाही,
पगार बुडवून तो क्लबच बुडाला.
त्या गावाचं नाव काढताना त्याचं तोंड व्हायचं
कच्च्या करमळात दात रुतल्यासारखं.

सुरुवात सोळाव्या वर्षी, बकी नावाच्या बंदरात.
बाप मासेमारीच्या बोटीवर.
वारा असा, की गोलकीपरनं उंच मारलेला बॉल
वळून त्याच्याकडेच यायचा,
मालकाचा आवाज ओळखणाऱ्या कुत्र्यासारखा.

एका रात्री सामना हरून आलो होतो.
मी किटरूममध्ये, मशीनमध्ये बावीस जर्सी.
तो आला, बिस्किटांचा डबा उघडला
आणि आतून काढली निळ्या मखमलीची टोपी, वर सोनेरी गोंडा.
मला वाटलं, लग्नातल्या बँडवाल्याची.
बोललोही तसं.
तो इतका हसला की गुडघा धरून खाली बसला.

देशाकडून खेळलं की त्यांच्याकडे टोपी देतात म्हणे. खरीखुरी.
किती खेळलास?
अकरा मिनिटं.
बॉल चार वेळा पायाला लागला,
एक पास चुकला, तो अजून स्वप्नात चुकतो.
पुढच्या वेळी बोलावणं आलं नाही.

अकरा मिनिटांत आमचं मशीन साबणसुद्धा सोडत नाही पुरता.

तू खेळलास का कधी, त्यानं विचारलं.
ठाणे जिल्हा, एकोणीस वर्षांखालील, मी म्हणालो.
सगळे सामने बाकावर.
तो काही बोलला नाही.
टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ बघत राहिला.
गोंडा माझ्या डोळ्यात जात होता. मी हललो नाही.
मशीन गरगर फिरत होतं.

मार्चमध्ये एकाहत्तराव्या मिनिटाला
चौथ्या पंचानं त्याचा नंबर लाल दिव्यात वर धरला.
तो बाहेर आला तो धावत नाही, चालत,
आणि पाण्याची बाटली झाकण लावूनच तोंडाला लावली.
एवढंच मला दिसलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

विमान गुरुवारी होतं. बुधवारी त्याला करावे गावात नेला.
ओहोटीला जेटीपलीकडे पोरं खेळतात, दोन निळे ड्रम म्हणजे गोल.
तो अनवाणी उतरला, चिखल घोट्यापर्यंत.
आमच्या शेजाऱ्याचा जिग्नेश, घरचं नाव चिंबोरी,
त्यानं सरळ त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला
आणि तीन पावलं जाऊन मागे वळून बघितलं,
आता आपल्याला मार बसणार का म्हणून.
ग्रेगर चिखलात बसला होता. बूड ओलं. टाळ्या वाजवत.

जेवताना आईनं सुक्या बोंबलाची चटणी वाढली.
त्यानं ताट उचलून नाकाशी नेलं, बराच वेळ.
मग म्हणाला, माझ्या बापाचं जॅकेट.
आईला मी सांगितलं, आवडली म्हणतोय.

आता तो तिकडे पावाची व्हॅन चालवतो,
रविवारी बारा वर्षांच्या पोरांना शिकवतो.
मला व्हिडिओ पाठवतो, त्यात पोरं ठिपक्याएवढी,
बॉल तर दिसतच नाही.
नुसता वारा वाजत असतो फोनमध्ये,
आणि आतून आई ओरडते,
खिरकी लाव रं, वारा सुटलाय.